पायाचा आकार आणि बुटाची चोच

नमस्कार. सुरुवातीलाच एक विनंती करते, ज्यांना जमेल त्यांनी बसल्या जागी पायातलं काढा आणि आपल्या चवड्याकडे नीट बघा. बोटं मोकळी पसरलेली आहेत की सगळी एका टोकाकडे गोळा झाल्यासारखी दिसतायत? करंगळी आडवी पडलीये का, तिच्यावर कुरूप आहे का? मी फिजिओथेरपिस्ट आहे, माझ्याकडे बायका गुडघा दुखतो, कंबर दुखते म्हणून येतात, पाय दुखतो म्हणून फार कमी जणी येतात, कारण पाय दुखणं त्यांनी धरूनच ठेवलेलं असतं. नवीन सँडल आहे ना, मग चावणारच, चार दिवसांत सैल होईल. हे मी इतक्यांदा ऐकलंय! आणि सँडल थोडी सैल होतेही, पण तेवढ्या दिवसांत पायानेही स्वतःला बदलून घेतलेलं असतं आणि मला काळजी वाटते ती त्याचीच.

आपल्याला शिकवलेलं असतं की वाईट काय तर उंच टाच. मला वाटतं उंच टाचेपेक्षा जास्त नुकसान बुटाची चोच, म्हणजे त्याचं पुढचं निमुळतं टोक, करतं. कुठलाही पाय बघा, सगळ्यात रुंद कुठे असतो तर चवड्यावर, बोटांच्या मुळाशी, आणि तिथून पुढे तो टोकदार होत नाही. बायकांचे फॅशनचे बूट मात्र नेमके तिथूनच निमुळते व्हायला लागतात. मग अंगठा करंगळीच्या दिशेने ढकलला जातो आणि त्याच्या मागचं लांब हाड उलट्या बाजूला सरकतं, म्हणून आतल्या कडेला जो उंचवटा येतो ना, ज्याला बनियन म्हणतात, ती वरून आलेली गाठ नसते, बहुतेक वेळा तो सांधाच जागा सोडून बाहेर आलेला असतो. एकदा अंगठा असा तिरका झाला की त्याला ओढणाऱ्या स्नायूंच्या दोऱ्यासुद्धा तिरक्या ओढायला लागतात, म्हणजे पुढे बूट काढून ठेवला तरी अंगठा आणखी वळत जाऊ शकतो. रात्री लावायचे पट्टे मिळतात, त्यांनी आराम पडू शकतो पण हाड कायमचं जागेवर येत नाही, ते ऑपरेशननेच होतं. घराण्यातून येणारी पायाची ठेवणही यात असते, त्यामुळे सगळा दोष चपलेच्या माथी मारायचा नाही, पण ज्यांची ठेवण मुळात तशी आहे त्यांनी तर चोचीच्या वाटेला जाऊच नये.

आणि हा काही बायकांचे पाय नाजूक असण्याचा प्रश्न नाही बरं का. इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या जुन्या दफनभूमींमधल्या सांगाड्यांचा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. अकराव्या ते तेराव्या शतकातल्या लोकांमध्ये अंगठा असा वळलेला सुमारे ६ टक्के जणांचा होता आणि चौदाव्या-पंधराव्या शतकात तो आकडा थेट २७ टक्क्यांवर गेला. मधल्या काळात काय झालं, तर लांब टोकदार बुटांची फॅशन आली. ती पुरुषही घालायचे, त्यामुळे पुरुषांचेही अंगठे वळले. उंच टाचेचंही तसंच आहे, ती युरोपात आली इराणी घोडेस्वारांकडून, रिकिबीत पाय अडकून राहावा म्हणून असलेली टाच, आणि तिकडच्या सरदार-दरबारी पुरुषांनी ती मिरवली. पुढे पुरुषांनी सोडून दिली आणि बायकांच्या पायात राहिली. १९५० च्या दशकात टाचेत पोलादाची कांडी घालायला लागले, मग ती पेन्सिलीइतकी बारीक करता आली.

आता टाच काय करते ते सांगते. टाच वर गेली की वजन पुढे चवड्यावर घसरतं, आणि बूट चोचीचा असेल तर आधीच दाटीत असलेल्या बोटांवर ते वजन येऊन बसतं. माझ्याकडे एक बाई यायच्या, त्या म्हणायच्या बुटात सारखा खडा जातो. बूट काढून उलटा करून आपटायच्या, आतून काहीच पडायचं नाही. तो खडा म्हणजे तिसऱ्या आणि चौथ्या बोटाच्या मधली दाबून दाबून सुजलेली नस होती.

पोटरीचं तर फार लोकांना माहीतच नसतं. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, दोन वर्षांहून जास्त काळ जवळजवळ रोज ५ सेंटीमीटर किंवा त्याहून उंच हील घालणाऱ्या बायकांच्या पोटरीच्या स्नायूंचे तंतू सरासरी १३ टक्के आखूड निघाले आणि पोटरीला टाचेशी जोडणारी मागची दोरी जाड आणि ताठ झालेली निघाली. म्हणून अशी बाई घरी आल्यावर अनवाणी उभी राहिली की तिला दुखतं, मग ती म्हणते मला हीलच सूट होते, फ्लॅट घातलं की पाय दुखतात. तिचं म्हणणं खोटं नसतं, तिला खरंच दुखतं, पण हीलची सवय लागून स्नायू आखूड झालेत म्हणून दुखतं. एका रात्रीत हील सोडू नका, उंची हळूहळू कमी करा आणि रोज भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणा.

फ्लॅट म्हणजे सगळं चांगलं असंही नाही, पातळ तळव्याच्या त्या बेली टाचेला काहीच आधार देत नाहीत. आणि ज्यांना डायबिटीस आहे, पायाची संवेदना कमी झालीये, त्यांनी तर बूट लागतोय का हे दुखण्यावर सोडूच नका, रोज हाताने आणि डोळ्याने तळपाय तपासा.

कोणी म्हणेल मग घालू नका ना. पण प्रत्येकीच्या हातात ते नसतं. डिसेंबर २०१५ मध्ये लंडनमध्ये निकोला थॉर्प यांना कामाच्या पहिल्याच दिवशी फ्लॅट बूट घातले म्हणून घरी पाठवलं होतं, त्यांच्या याचिकेवर दीड लाखाच्या आसपास लोकांनी सह्या केल्या. २०१९ मध्ये जपानमध्ये युमी इशिकावा यांनी हीलच्या सक्तीविरुद्ध कुटू चळवळ उभी केली, जपानी भाषेत बूट आणि वेदना हे दोन शब्द अगदी सारखे आहेत त्यावरून ते नाव. नोकरीसाठी रोज आठ-नऊ तास पाय दाबून घ्यायला लावणं मला अजिबात पटत नाही आणि हे मी सगळीकडे बोलते.

बरं, तिकडे टेबलावर मी कोरे कागद आणि पेन्सिली ठेवल्यात. पाय संध्याकाळपर्यंत थोडे सुजतात, म्हणून माप घ्यायला आत्ताची वेळ चांगली आहे. कागदावर अनवाणी उभं राहायचं, पूर्ण वजन टाकून, आणि पेन्सिल उभी धरून दुसऱ्या कोणाला तरी पायाभोवती रेघ काढायला सांगायची. दोन्ही पायांची काढा, एक पाय बहुतेक वेळा थोडा मोठा असतो आणि बूट मोठ्या पायाच्या मापाने घ्यायचा. मुलं झाली असतील तर लग्नाआधीचा नंबर विसरा, बाळंतपणानंतर पाय कायमचा मोठा झालेला असू शकतो. मग त्या रेघेवर तुमचा आजचा बूट ठेवा. रेघ बुटाच्या बाहेर किती दिसते ते बघा आणि तो कागद घेऊन माझ्याकडे या, मी इथेच थांबलीये.