राखाडी बटण

(दृश्य: रात्रीचा चौक. भिंतीत बसवलेलं एटीएम. पडद्याचा निळसर उजेड.)

परक्या देशातली पहिली संध्याकाळ. खिशात घरच्या नोटा आहेत, पण इथे त्यांना कुणी विचारणार नाही. म्हणून हा प्रवासी यंत्रापुढे उभा आहे. कार्ड आत गेलं. चार आकडे दाबले. रक्कम निवडली. आता पडद्यावर काय येतं ते नीट बघा. ही फिल्म आम्ही त्या एका पडद्यासाठी केली आहे.

(दृश्य: पडदा, अगदी जवळून. कॅमेरा हलत नाही.)

वर प्रवाशाच्या स्वतःच्या चलनातला आकडा आहे. त्याच्या शेजारी लिहिलंय, ‘दर निश्चित’. खाली दोन बटणं. एक हिरवं, मोठं, ठळक अक्षरांचं: ‘रूपांतर स्वीकारा’. दुसरं राखाडी, कोपऱ्यात सरकवलेलं: ‘रूपांतराशिवाय पुढे जा’.

बोट कुठे जातंय बघा.

हिरव्या बटणाकडे. आम्ही या यंत्रासमोर जेवढा वेळ कॅमेरा लावून होतो, त्यात बहुतेक बोटं तिकडेच गेली. त्यात त्या माणसांची काही चूक नाही. परक्या जागी ओळखीचं चलन दिसलं की मनाला बरं वाटतं. हिरवा रंग म्हणजे ‘ठीक आहे’, हे आपण लहानपणापासून शिकलोय. आणि राखाडी बटणावर ‘नाही’सारखा शब्द दिसला की वाटतं, ते दाबलं तर व्यवहारच रद्द होईल, कार्ड आत अडकेल, मागे उभी असलेली माणसं वैतागतील.

व्यवहार रद्द होत नाही. राखाडी बटण दाबल्यावर काय होतं, ते आम्ही याच यंत्रावर चित्रित केलंय.

(दृश्य: राखाडी बटणावर बोट. यंत्राचा आवाज. नोटा बाहेर येतात.)

तेच यंत्र, तेच कार्ड, तेवढ्याच नोटा. बदलतं ते एवढंच की इथल्या चलनाचं आपल्या चलनात रूपांतर कोण करणार. हिरवं बटण दाबलं तर यंत्राचा मालक करतो, आणि दर तोच ठरवतो. राखाडी दाबलं तर रक्कम इथल्याच चलनात पुढे जाते आणि रूपांतर कार्डाच्या जाळ्याच्या दराने होतं, म्हणजे व्हिसा किंवा मास्टरकार्डच्या. हा दर मोठ्या बाजारातल्या दराच्या बराच जवळ असतो. दोन्ही कंपन्यांच्या संकेतस्थळांवर त्यासाठी गणकयंत्र आहे. तारीख आणि चलन टाकलं की कुणालाही दर बघता येतो.

यंत्राच्या मालकाने दिलेल्या या सोयीला व्यवसायात ‘डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन’ म्हणतात. थोडक्यात डीसीसी. बाजारातल्या दरावर एक मार्कअप, म्हणजे वरचे जादा टक्के, चढवलेला असतो आणि तोच यातला नफा आहे. ‘दर निश्चित’ हे शब्द खरे आहेत. तो दर महाग आहे, एवढं मात्र तिथे लिहिलेलं नसतं.

(दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रं.)

हे यंत्र आलं कुठून, ते थोडं मागे जाऊन बघायला हवं. कारण सुरुवातीला त्यात असा पडदाच नव्हता.

27 जून 1967. लंडनच्या उत्तरेला एनफील्ड. बार्कलेज बँकेच्या शाखेबाहेर गर्दी जमली आहे. पहिले पैसे काढायला रेज वार्नी हा विनोदी नट आला आहे. यंत्रामागची कल्पना जॉन शेपर्ड-बॅरन यांची. त्यांचा जन्म 1925 साली आपल्याकडे, शिलाँगला झाला होता. एका शनिवारी ते बँकेत पोहोचले तेव्हा दार बंद झालं होतं. नाणं टाकलं की चॉकलेट देणारं यंत्र असतं, मग पैसे देणारं का नसावं, असा विचार त्यांच्या मनात आला. ही गोष्ट त्यांनीच पुढे सांगितलेली आहे.

तेव्हा या यंत्रात प्लास्टिकचं कार्ड चालत नव्हतं. शाखेतून आधीच कागदी व्हाउचर आणून ठेवावं लागे. यंत्राला ते ओळखता यावं म्हणून त्यावर कार्बन-14 हा किंचित किरणोत्सारी पदार्थ लावलेला असे. व्हाउचर आत सारायचं, गुप्त आकडा दाबायचा, आणि 10 पौंड मिळायचे. शेपर्ड-बॅरन यांना सहा आकडे हवे होते. पत्नी कॅरोलाइन म्हणाल्या, माझ्या चारच लक्षात राहतात. म्हणून चार झाले. कार्ड आणि गुप्त आकडा यांची जोडी मात्र स्कॉटलंडचे अभियंते जेम्स गुडफेलो यांची. त्यांचं पेटंट 1966 सालचं आहे. पहिला मान कुणाचा, यावर पुढे बरीच वर्षं वाद चालला. 1972 साली लॉइड्स बँकेने आयबीएमची यंत्रं आणली. ती थेट बँकेच्या संगणकाला जोडलेली होती आणि पैसे देऊन कार्ड परत करत होती.

या छायाचित्रांतले चेहरे बघा. दार बंद झाल्यावरही माणसाला स्वतःचे पैसे मिळावेत, एवढ्यासाठी हे यंत्र जन्माला आलं.

(दृश्य: यंत्रावर चिकटवलेली जाळ्यांची चिन्हं, एकामागून एक.)

1980च्या दशकात प्लस आणि सिरस ही जाळी पसरत गेली. एका बँकेचं कार्ड दुसऱ्या बँकेच्या, दुसऱ्या देशाच्या यंत्रात चालू लागलं. कार्डाच्या मागच्या बाजूला ही चिन्हं असतात. आपलं चिन्ह यंत्रावर दिसलं की सहसा पैसे निघतात.

पण पैसे निघतात तेव्हा पडद्यामागे बँकांचाही हिशेब होतो. दुकानात कार्ड वापरलं तर दुकानाच्या बाजूची बँक कार्ड देणाऱ्या बँकेला पैसे देते. एटीएमवर हे उलटं होतं. तुमची बँक यंत्राच्या मालकाला पैसे देते. म्हणून परक्या यंत्रावरचा प्रत्येक व्यवहार तुमच्या बँकेला खर्चाचा असतो, आणि तो खर्च ती तुमच्याकडून वसूल करते. हा झाला पहिला आकार, म्हणजे पहिलं शुल्क. दुसरा आकार यंत्राच्या मालकाचा, तो स्वतःचं वेगळं शुल्क लावू शकतो. अमेरिकेत 1996 सालापर्यंत व्हिसा आणि मास्टरकार्डच्या नियमांनी त्याला अडवलं होतं. ती बंदी उठली आणि असं शुल्क तिथे सर्रास झालं. हे शुल्क पडद्यावर आधी दाखवतात, पटलं नाही तर कार्ड काढून घेता येतं. तिसरा आकार परकीय चलनाचा. तो टक्क्यांत असतो आणि तुमची बँक लावते. त्यावर हे हिरवं बटण.

आणि हिरवं बटण दाबल्यावर तिसरा आकार तरी सुटतो का? अनेक बँकांकडे सुटत नाही. रक्कम तुमच्या चलनात आली तरी व्यवहार परदेशातला, म्हणून शुल्क लागतं ते लागतंच. रूपांतराचे पैसे एकदा यंत्राला, एकदा बँकेला.

(दृश्य: पडद्यावरची तीन अक्षरं. कॅमेरा हळूहळू जवळ.)

ही तीन अक्षरं लक्षात ठेवा. जगातल्या प्रत्येक चलनाला तीन अक्षरांचा कोड आहे. हे मानक 1978 सालचं. पहिली दोन अक्षरं सहसा देशाची, तिसरं चलनाचं. जेपीवाय म्हणजे जपानचा येन, सीएचएफ म्हणजे स्विस फ्रँक. भाषा कळली नाही, रंगांनी गोंधळ केला, तरी ही अक्षरं फसवत नाहीत. तुम्ही ज्या देशात उभे आहात, तिथल्या चलनाचा कोड ज्या पर्यायात आहे तो निवडा. दुकानात कार्डाचं यंत्र हातात दिलं तरीही हेच करा. तिथे कधी कधी विक्रेताच तुमच्यासाठी बटण दाबून मोकळा होतो. पावतीवर तुमच्या चलनाचा कोड दिसला तर तिथेच, सही करण्याआधी, व्यवहार रद्द करून पुन्हा करायला सांगा.

यंत्राने एकदाच विचारून सोडलं असतं तर बरं झालं असतं. हे यंत्र बघा. राखाडी बटण दाबल्यावर पुन्हा विचारतंय: नक्की का? दर बदलू शकतो बरं का. पुन्हा हिरवं, पुन्हा राखाडी. ग्राहकाला निवड मिळाली पाहिजे, आणि नकळत रूपांतराकडे ढकलेल अशी भाषा किंवा मांडणी नको, असं कार्ड कंपन्यांचे नियम सांगतात. या दोन बटणांचा आकार बघितल्यावर ते नियम इथे पाळले गेले असं आम्हाला वाटत नाही.

(दृश्य: दुसऱ्या यंत्राचा पडदा. तळाशी बारीक अक्षरं.)

तळाची ही ओळ युरोपीय संघातल्या यंत्रावरची आहे. ती सहज आलेली नाही. 2002 साली युरोच्या नोटा हातात आल्या. त्याच वर्षी जुलैपासून असा नियम लागू झाला की संघातल्या दुसऱ्या देशात युरो काढले तर आपल्या देशात लागलं असतं तेवढंच शुल्क. हिरव्या बटणाला मात्र त्यानंतरही बरीच वर्षं मोकळं रान होतं. 2019 साली नवा नियम झाला आणि एप्रिल 2020 पासून तो पडद्यावर दिसू लागला. युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या संदर्भ दरापेक्षा आपला दर किती टक्क्यांनी वर आहे, ते व्यवहाराच्या आधी दाखवणं बंधनकारक झालं. ती टक्केवारी इथे आहे. अक्षरं बारीक आहेत, पण आहेत. हीच ओळ प्रत्येक देशातल्या प्रत्येक यंत्रावर, हिरव्या बटणाएवढ्याच मोठ्या अक्षरांत असायला हवी. ही आमची मागणी आहे, आणि ती आम्ही इथे उघडपणे करतो आहोत.

(दृश्य: प्रवासी बाकावर बसून वहीत आकडेमोड करतो आहे.)

ठरावीक शुल्काचं गणित सोपं आहे. समजा प्रत्येक वेळी 5 कापले जातात. 50 काढले तर तो दहावा हिस्सा झाला. 500 काढले तर शंभरावा. म्हणून दर संध्याकाळी थोडे थोडे काढण्यापेक्षा तीन-चार दिवसांचे एकदम काढलेले परवडतात. सगळे एकाच खिशात ठेवू नका, आणि परत निघताना उरतील इतके काढू नका, कारण उरलेल्या नोटा विकतानाही दर तुमच्या बाजूने नसतो. यंत्र मोठमोठे आकडे आधी सुचवतं. ‘इतर रक्कम’ निवडा आणि हवा तो आकडा स्वतः भरा.

क्रेडिट कार्डावर रोख काढू नका. त्यावर वेगळं शुल्क आहे, आणि व्याज सहसा त्याच दिवसापासून सुरू होतं. खरेदीला मिळणारी बिनव्याजी मुदत रोख रकमेला मिळत नाही.

(दृश्य: सकाळ. बँकेची शाखा उघडते. भिंतीतलं यंत्र.)

यंत्र कुठलं निवडावं? शक्यतो असं, बँकेच्या भिंतीतलं, शाखा उघडी असताना. कार्ड अडकलं तर आत जाऊन माणसाशी बोलता येतं. पर्यटकांच्या रस्त्यावर, हॉटेलच्या दारात, विमानतळाच्या वाटेवर एकट्या उभ्या असलेल्या यंत्रांचा धंदाच परक्या कार्डांवर चालतो. हिरवी बटणं तिथे सगळ्यात मोठी असतात. शेजारच्या विनिमय खिडकीवर ‘कमिशन नाही’ अशी पाटी दिसते. तिथे खरेदीचा आणि विक्रीचा असे दोन्ही दर बघा. त्या दोघांमधलं अंतर हीच त्या खिडकीची कमाई.

निघण्याआधी बँकेला दोन प्रश्न विचारायचे: परदेशात पैसे काढले तर ठरावीक शुल्क किती, आणि चलन बदलण्याचे टक्के किती? काही बँकांचे परदेशी बँकांशी करार असतात, त्या यंत्रांवर ठरावीक शुल्क लागत नाही. काही खाती यंत्राच्या मालकाने घेतलेलं शुल्क महिन्याच्या शेवटी परत करतात. प्रवास वारंवार होत असेल तर असं खातं शोधणं सार्थकी लागतं. दुसरं कार्ड, शक्यतो दुसऱ्या जाळ्याचं, वेगळ्या पिशवीत असू द्या.

(दृश्य: पहिल्या रात्रीचा प्रवासी. हातात पावती. चेहरा.)

त्याने हिरवं बटण दाबलं होतं. गेलेले पैसे परत मिळाले नाहीत.

(इथे निवेदन नाही. पावती घडी होऊन खिशात जाते.)

(दृश्य: टेबलावर दोन पावत्या.)

दोन्ही पावत्या एकाच यंत्राच्या, एकाच कार्डाच्या, दहा मिनिटांच्या अंतराने घेतलेल्या. डावी हिरव्या बटणाची, उजवी राखाडी बटणाची. व्हिडिओ थांबवा आणि दोन्हींवरचे आकडे वाचा.

(दृश्य: तोच चौक, दुसरी रात्र. नवा प्रवासी. पडदा उजळतो. बोट हिरव्या बटणाशी थांबतं. मग कोपऱ्याकडे सरकतं.)