३४६ जीव आणि एक करार

(दृश्य: फोर्ट वर्थ, टेक्सास. संघीय न्यायालयाची इमारत.)

२६ जानेवारी २०२३. आरोपी आहे बोइंग. कंपनीला पिंजऱ्यात कसं उभं करणार? म्हणून तिचा एक बडा अधिकारी उठतो आणि कंपनीच्या वतीने म्हणतो, गुन्हा कबूल नाही. मग नातेवाईक एकेक करून बोलायला उभे राहतात. कुणाची मुलगी गेलीय, कुणाचा नवरा. दोन वर्षांपूर्वी हा खटला परस्पर मिटवला गेला, तेव्हा यांतल्या एकालाही कुणी विचारलं नव्हतं.

२९ ऑक्टोबर २०१८ ला इंडोनेशियातल्या लायन एअरचं बोइंग ७३७ मॅक्स विमान जावाच्या समुद्रात कोसळलं. १८९ माणसं गेली. कॅप्टन दिल्लीचा होता. १० मार्च २०१९ ला इथिओपियन एअरलाइन्सचं तसंच विमान अदिस अबाबाहून उडालं आणि काही मिनिटांत पडलं. १५७ माणसं गेली, त्यांत चार भारतीय. दोन्ही वेळा एमकॅस नावाची यंत्रणा एकाच सेन्सरच्या चुकीच्या आकड्यावर विसंबून विमानाचं नाक खाली दाबत राहिली. या यंत्रणेची खरी माहिती बोइंगने अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकापासून लपवली, हा सरकारचा आरोप.

अशा वेळी सरकारी वकिलांपुढे तीन वाटा असतात. कंपनीकडून कबुली घ्यायची, तर न्यायाधीशांची मान्यता लागते. आरोप दाखल करून खटला लांबणीवर टाकायचा, आणि कंपनी नीट वागली तर मागे घ्यायचा. तिसरी वाट म्हणजे खटलाच न चालवण्याचा करार. हा करार म्हणजे दोन पक्षांनी सह्या केलेलं पत्र. चौकशीत सहकार्य किती केलं, दंड किती, देखरेख कोण ठेवणार, यावर घासाघीस होते. सगळ्यांत जास्त होते ती चूक कोणत्या शब्दांत मान्य करायची यावर.

७ जानेवारी २०२१ चा करार दुसऱ्या वाटेचा होता, २५० कोटी डॉलरचा. त्यातले १७७ कोटी विमान कंपन्यांना. मृतांच्या वारसांना ५० कोटी. विमानं जमिनीवर उभी राहिली त्याची भरपाई माणसं गेली त्याच्या तिपटीहून जास्त!

अमेरिकेत २००४ पासून कायदा आहे की गुन्ह्याच्या पीडितांशी सरकारी वकिलांनी बोललं पाहिजे. हे नातेवाईक पीडितच आहेत, हे ठरायला ऑक्टोबर २०२२ उजाडलं. न्यायाधीश रीड ओकॉनर यांनी तसा निकाल दिला. पण बोलणं म्हणजे संमती घेणं नव्हे.

(दृश्य: अलास्का एअरलाइन्सच्या विमानाला पडलेलं भगदाड.)

५ जानेवारी २०२४. कराराची मुदत संपायला दोन दिवस असताना उडत्या बोइंग विमानाच्या दाराजागी बसवलेला भाग निखळला. सरकार म्हणालं, करार मोडला. जुलैत कंपनी कबुलीला तयार झाली, डिसेंबरमध्ये न्यायाधीशांनी तो करार फेटाळला. जून २०२५ मध्ये खटला उभा राहणार होता.

मे महिन्यात तिसरी वाट निघाली. एकूण ११० कोटी डॉलरहून जास्त, त्यात नातेवाईकांसाठी आणखी ४४ कोटी ४५ लाख. फेटाळलेल्या करारातला स्वतंत्र निरीक्षक गेला, त्याच्या जागी कंपनीने नेमलेला सल्लागार आला.

सरकारी वकिलांचं म्हणणंही ऐकायला हवं. खटल्याचा भरवसा नाही. याच प्रकरणात बोइंगच्या एका माजी वैमानिकाला ज्यूरीने २०२२ मध्ये निर्दोष सोडलं होतं. ११० हून अधिक कुटुंबांचा तडजोडीला पाठिंबा होता किंवा विरोध नव्हता. त्यांना दोष कोण देणार? वर्षानुवर्षं कोर्टाच्या खेपा घालून माणूस थकतो. पण भरपाई हा त्यांचा हक्क होता. ती खटला बंद करण्याच्या पाकिटात घालायला नको होती. आपल्याकडे २००६ पासून छोट्या गुन्ह्यांत तडजोडीची सोय आहे, आणि तिथे बैठकीची नोटीस पीडितालाही जाते.

६ नोव्हेंबर २०२५ ला ओकॉनर यांनी खटला रद्द केला. हे लोकहिताचं आहे असं आपल्याला वाटत नाही, पण सरकारला अडवण्याचा अधिकार आपल्याकडे नाही, असं त्यांनी निकालात लिहिलं. याच न्यायाधीशांनी २०२३ मध्ये लिहिलं होतं की बोइंगचा गुन्हा अमेरिकेच्या इतिहासातला सर्वांत जीवघेणा कॉर्पोरेट गुन्हा म्हणता येईल.