चिठ्ठीवरचं नाव, बिळातला कोळी

(दृश्य: मातीने भरलेला प्लास्टिकचा डबा. कोळी कुठेच दिसत नाही.)

ट्रॅपडोअर कोळी विकत घेणारा खरं तर माती भरलेला डबा विकत घेतो. कोळी बिळात असतो, बिळाला रेशमाचं आणि मातीचं झाकण असतं, आणि रात्री फार तर पायांची टोकं बाहेर येतात. ओळख काय ती डब्यावरच्या चिठ्ठीची. सोलापुरातही असे कोळी पाळणारे आहेत. एकाकडून दुसऱ्याकडे कोळी जातो, सोबत चिठ्ठीही जाते, आणि वाटेत आतला प्राणी कुणी भिंगाखाली धरत नाही.

(दृश्य: भिंगातून दिसणारं पोट)

समजा, चिठ्ठी म्हणते 'लिफिस्टियस', म्हणजे ट्रॅपडोअर कोळ्यांच्या एका गटाचं नाव. मग आधी पोट पाहा. लिफिस्टियसच्या पोटावर एकामागे एक कडक पट्ट्या असतात, आणि रेशीम सोडणारे अवयव शेपटाकडे नसून पोटाखाली मध्यावर असतात. पोट गुळगुळीत दिसलं की ते नाव तिथेच बाद.

आता डोळे. आठांपैकी दोन अगदी पुढे, कपाळाच्या कडेला, आणि उरलेले सहा मागे एकत्र गोळा झालेले असतील, तर तो इडिऑप्स किंवा त्याच्या कुळातला. हे कूळ आपल्याकडचं, महाराष्ट्रातही सापडतं. डोळे तसे नसतील तर तिसऱ्या पायाकडे वळा. नडगीच्या सुरुवातीला वरच्या बाजूने खोगिरासारखी खोलगट जागा असेल, तर कोनोथेलेचा विचार करावा. पोटाचं टोक कापल्यासारखं सपाट आणि त्यावर कडक चकती असेल, तर सायक्लोकोस्मिया. ही चकती बिळात बुचासारखी बसवून तो शत्रूची वाट अडवतो.

(दृश्य: मे महिन्यातली सोलापूरची दुपार)

नावाचा एवढा आग्रह कशासाठी? लिफिस्टियस आग्नेय आशियातल्या दमट जंगलांतला. त्याला गारवा आणि ओल लागते. सोलापुरात मे महिन्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो. खरा लिफिस्टियस कोरड्या डब्यात ठेवला तर तो वाचणार नाही. उलट कोरड्या बांधावरचा इडिऑप्स रोज पाणी मारून चिखलात ठेवला, तर माती बुरशी धरते. कोनोथेलेच्या काही जाती झाडाच्या सालीवरच उथळ घर बांधतात. त्यांना खोल माती देऊन उपयोग नाही. चुकीच्या नावाची शिक्षा कोळ्याला भोगावी लागते, आणि ती मला अजिबात क्षुल्लक वाटत नाही. या कोळ्यांच्या माद्या दीर्घायुषी असतात. ऑस्ट्रेलियात अभ्यासकांनी 'सोळा नंबर' म्हणून नोंदलेली एक मादी रानात 43 वर्षं जगली.

एक गोष्ट विक्रेत्यांच्या बाजूने सांगायला हवी. डब्यावर 'टेनिझिडी' हे कूळ लिहिलेलं दिसलं, तर ती लबाडी असेलच असं नाही. 2018 मध्ये वर्गीकरण बदललं, आणि कोनोथेले, सायक्लोकोस्मिया यांची रवानगी हॅलोनोप्रोक्टिडी या कुळात झाली. चिठ्ठ्या मात्र जुन्याच राहिल्या.

(दृश्य: चिमट्यात धरलेली कात)

जातीपर्यंत जायचं तर फोटो पुरत नाही. मोठी मादी कात टाकते तेव्हा ती कात जपून ठेवावी. साबणाच्या पाण्यात भिजवली की ती मऊ होते, हलक्या हाताने उलगडता येते. पोटाच्या आतल्या बाजूला शुक्रकोषांचा, म्हणजे मादी शुक्राणू साठवते त्या पिशव्यांचा, आकार दिसतो, आणि तज्ज्ञ त्यावरून बोलू शकतात. सोबत कोळी मुळात कुठून आला ते ठिकाणही हवं. ठिकाण हरवलं की कित्येकदा जातही हातची जाते.

म्हणून मूळ ठिकाण कळत नसलेला कोळी सोलापूरजवळच्या नान्नज अभयारण्याच्या माळावर नेऊन सोडू नका. तो तिथलाच आहे असं कुणीच सांगू शकत नाही. त्याच अभयारण्यातून कोळी खणून आणणं हा तर कायद्याने गुन्हा आहे. डब्यावर 'इडिऑप्स, जात अनिश्चित' एवढंच लिहा, आणि ज्याच्याकडून कोळी घेतला त्यालाही कळवा. त्याच्याकडे त्याच नावाचे आणखी डबे असतील.