शिंपला म्हणजे थर्मामीटर नव्हे! ५०७ वर्षांच्या शिंपल्याची रील पाठवणाऱ्यांसाठी

नमस्कार मंडळी. तर ती रील. गेल्या पंधरा दिवसांत मला ती निदान चाळीस जणांनी पाठवलीय, माझ्या मावशीने तर दोनदा. "शास्त्रज्ञांनी जगातला सगळ्यात म्हातारा प्राणी वय मोजायच्या नादात मारला", मागे रडकं म्युझिक, आणि शेवटी म्हणे या शिंपल्याने समुद्राचं ५०० वर्षांचं तापमान सांगितलं. खाली कमेंटमध्ये सगळे शास्त्रज्ञांना शिव्या घालतायत.

आधी ते मारण्याचं उरकून टाकू. आइसलँडजवळच्या समुद्रातून २००६ साली बरेच शिंपले उचलले, त्यातला हा एक. नाव पडलं मिंग, कारण जन्माला आला तेव्हा चीनमध्ये मिंग घराण्याचं राज्य होतं. आधी वय काढलं चारशेच्या थोडं वर, नंतर २०१३ मध्ये नीट मोजल्यावर निघालं ५०७. म्हणजे जन्म १४९९. वास्को द गामा कालिकतला येऊन एकच वर्ष झालेलं. शिवाजी महाराज जन्मले तेव्हा हे महाशय १३१ वर्षांचे. आता वरून बघून वय कळत नाही हो, तळहातावर मावेल एवढा साधा काळपट शिंपला, शंभर वर्षांचा आणि पाचशे वर्षांचा शेजारी ठेवले तर तुम्हाला मला काही फरक दिसायचा नाही. आणि याच जातीचे शिंपले अमेरिकेत सर्रास पकडून सूपमध्ये घालतात, त्यात कोण किती वर्षांचं होतं ते कुणी मोजलंय? तिथे कुणी रडकं म्युझिक लावत नाही.

वय कसं मोजतात ते पटकन सांगते, कारण हे सोप्पं आहे. झाडाच्या खोडात जशी वर्तुळं तशा शिंपल्यात रेघा, वर्षाला एक. शिंपला कापायचा, घासून गुळगुळीत करायचा, मायक्रोस्कोपखाली रेघा मोजायच्या. पहिल्यांदा त्यांनी बिजागरीपाशी मोजल्या, जिथे दोन शिंपा जोडलेल्या असतात, तिथे म्हातारपणीच्या रेघा इतक्या दाटीवाटीने होत्या की शंभर वर्षं हुकली. बाहेरच्या कडेने मोजल्यावर बरोबर आलं. कार्बन डेटिंग नंतर पडताळणीला केलं, त्यामुळे "कार्बन डेटिंगने वय काढलं" असं लिहिणाऱ्यांनो, उलटं आहे ते.

आणि एक शिंपला ५०७ वर्षांचा म्हणून थांबायचं नसतं. रुंद रेघ, अरुंद रेघ, परत दोन अरुंद, असा एक नमुना तयार होतो, बारकोडसारखा. जिवंत शिंपल्याच्या बालपणीचा बारकोड समुद्रतळावरच्या एखाद्या मेलेल्या शिंपल्याच्या म्हातारपणीच्या बारकोडशी जुळला की साखळी मागे सरकली. असं जोडत जोडत आइसलँडच्या उत्तरेला ग्रिम्से बेटाजवळच्या शिंपल्यांची १३५७ वर्षांची सलग साखळी झालीय. एकही वर्ष न हुकवता!

बरं, आता माझं डोकं जिथे फिरतं तो भाग. रेघा मोजल्या म्हणजे तापमान कळलं असं नाही. नाही म्हणजे नाही. रेघ फक्त तारीख सांगते. तापमानासाठी रेघांमधली पावडर कोरून काढावी लागते, त्यावर ॲसिड टाकायचं, जो कार्बन डायऑक्साइड निघतो तो मशीनमध्ये घालून त्यातला ऑक्सिजन तोलायचा. ऑक्सिजन दोन वजनांचा धरा, हलका १६ आणि जड १८. जड फार थोडा, हजारात दोनच. पाणी थंड असेल तर शिंपल्यात जड ऑक्सिजन किंचित जास्त बसतो, साधारण चार अंश थंड झालं की या जड-हलक्याच्या प्रमाणात हजारातल्या एका भागाचा, म्हणजे ०.१ टक्क्याचा फरक. ही आयडिया हॅरॉल्ड युरी या माणसाची, १९४० च्या दशकातली.

इथे सगळे टाळ्या वाजवतात आणि व्हिडिओ बंद करतात. थांबा जरा. शिंपला ऑक्सिजन कुठून घेतो? पाण्यातून. मग पाण्यातच जड ऑक्सिजन कमीजास्त झाला तर? तापमान तेच, आकडा वेगळा!

एस.टी. आठवा, शनिवार संध्याकाळची. गाडी लागली की रिकाम्या हाताचे आधी चढतात, बोचकीवाले स्टँडवर राहतात. समुद्राची वाफ होते तेव्हा हेच, हलकं पाणी आधी उडतं. एरवी ते पाऊस होऊन नदीतून परत येतं, हिशेब बरोबर. पण हिमयुगात ती वाफ बर्फ होऊन जमिनीवरच अडकून बसली, समुद्र १२० मीटर खाली गेला, म्हणजे रिकाम्या हाताचे गेले ते परत आलेच नाहीत आणि स्टँडवर नुसते बोचकीवाले. त्या पाण्यातला शिंपला जड येणारच. तुम्ही म्हणाल "अरे वा, किती थंड होतं", पण त्यातलं बरंचसं थंडी नाहीच, बर्फाचा साठा आहे.

हे मी माझ्या मनाचं सांगत नाहीये, मोठमोठी माणसं इथे अडकलीत. १९५५ मध्ये एमिलियानी यांनी समुद्रतळाच्या चिखलातले फोरॅमिनिफेरा, म्हणजे वाळूच्या कणाएवढे कवचवाले जीव, त्यांच्यावरून हिमयुगाचे चढउतार काढले आणि बहुतेक फरक तापमानाचा धरला. १९६७ मध्ये शॅकलटन यांनी विचार केला की तळाशी राहणारे जीव बघू, तिथलं पाणी आधीच गोठायला आलेलं, अजून किती थंड होणार बिचारं? आणि तिथेही जवळपास तेवढाच फरक निघाला! म्हणजे मोठा वाटा बर्फाचा. मला ही युक्ती इतकी आवडते की मी ती लग्नाच्या पंगतीत पण सांगितलीय, शेजारचे काका उठून दुसरीकडे बसले.

अजून पटत नसेल तर माझी फजिती ऐका. एम.एस्सी.ला असताना मी आमच्या रत्नागिरीकडच्या खाडीतल्या तिसऱ्या, म्हणजे खायचे छोटे शिंपले, गोळा केल्या. आई म्हणाली, "एवढ्या तिसऱ्या आणल्यास आणि त्यांची पावडर करणार? मेले, निदान आतलं तरी दे." आतलं तिने घेतलं, सुकं झालं, शिंपा मला. आकडे समीकरणात घातले, पावसाळ्यातलं तापमान आलं ३९ अंश. पावसाळ्यात! खाडीत! आमच्या सरांनी कागद बघितला आणि विचारलं, "तिसऱ्या शिजवल्यावर मोजल्यास की आधी?" झालं काय होतं, पावसाळ्यात नदीचं गोडं पाणी खाडीत येतं, पावसाचं पाणी हलकं, शिंपला हलका झाला, आणि मी त्याला गरम समजले. मी पाऊस मोजला होता, तापमान नाही.

हां, "मग हे सगळं फालतू आहे का ताई?" असंही कुणीतरी विचारलंय. नाही ओ. पाणी माहीत असेल तर तापमान काढा, तापमान दुसरीकडून कळलं तर पाणी काढा. फोरॅमिनिफेराच्या कवचात मॅग्नेशियम किती ते बघतात, उष्ण पाण्यात ते जास्त जातं, त्यातून तापमान वेगळं मिळतं आणि उरलेल्यातून पाण्याचा हिशेब लागतो. दोन प्रश्न असतील तर दोन साक्षीदार लागतात, एवढंच.

ग्रिम्सेचे शिंपले म्हणूनच भारी आहेत. तिथे सुमारे ८० मीटर खोलीवर खारटपणा आमच्या खाडीसारखा उड्या मारत नाही, आणि तिथे अटलांटिकचं कोमट पाणी आणि ध्रुवाकडचं थंड पाणी आमनेसामने येतात. कोणत्या वर्षी कुणाची सरशी झाली ते शिंपल्यात उमटतं. २०१६ मध्ये यातून हजार वर्षांचा रेकॉर्ड आला आणि त्यातलं सगळ्यात भन्नाट हे, की १८०० च्या आधी समुद्रातले बदल आधी यायचे आणि उत्तर गोलार्धातल्या हवेचं तापमान मागून बदलायचं. १८०० नंतर उलटं झालंय, हवा पुढे आणि समुद्र तिच्या मागे फरफटत. हे त्या रीलमध्ये नाहीये. तिथे नुसतं रडकं म्युझिक.

शेवटचा प्रश्न, आपल्या तिसऱ्यांवरून असं काढता येईल का. शेकडो वर्षांचं एका शिंपल्यातून नाही मिळणार, त्या काही वर्षंच जगतात. पण एका शिंपेत पावसाळा कधी आला, कधी गेला हे छान दिसतं, मी स्वतः चुकून बघितलंय. तर शिंपा जपून ठेवा वाटलं तर, पण कृपा करून मला कुरिअर करू नका, मागच्या वेळी एकाने न धुता पाठवलेल्या आणि पार्सल चार दिवस वॉचमनकाकांच्या केबिनमध्ये होतं. ते अजून माझ्याशी बोलत नाहीत.