आडात नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार

हा फोटो आधी पुढच्या रांगेत द्या, पाहून झाला की मागे सरकवा. माझ्या पहिल्या शरीरसौष्ठव स्पर्धेचा आहे, बायकांच्या फिजिक गटातला. सहाजणी ओळीत पाठ करून उभ्या आहेत, डबल बायसेप्सच्या पोझमध्ये, म्हणजे दोन्ही हात वर, कोपरात वाकवून दंड फुगवलेले. पाचजणींच्या पाठी दिसतील. उरलेल्या एकीच्या जागी हँगरला अडकवलेला टी-शर्ट दिसतोय ना? ती मी.

मजा अशी की त्या सहाजणींत चरबी सगळ्यांत कमी माझ्याच अंगावर होती. पोटाचे चौकोन मोजता येत होते. बारा आठवडे मी जिभेवर इतका ताबा ठेवला होता, की घरातली माणसं माझ्यासमोर जेवायला बिचकत. निकालात शेवटचा नंबर आला. खाली उतरल्यावर एक पंच हसून म्हणाले, "डाएट झकास केलंत. आता जरा बॉडी करून या."

तेव्हा राग आला होता. आज मी हेच वाक्य पोरींना ऐकवते, फक्त स्पर्धेच्या आधी.

फिजिक हा गट नेमका काय मागतो, ते पाहू. मिस ऑलिंपिया ही स्पर्धा 1980 साली सुरू झाली, पहिली विजेती रेचेल मॅकलिश. पुढे बॉडीबिल्डिंगमधल्या बायकांचा आकार वाढत गेला आणि ज्यांना तितकं मोठं व्हायचं नव्हतं त्यांच्यासाठी एकेक गट निघत गेला. आधी फिटनेस आणि फिगर, मग बिकिनी. फिगरपेक्षा जास्त स्नायू पण बॉडीबिल्डिंगइतका आकार नको, त्या मधल्या जागेसाठी विमेन्स फिजिक आला. ऑलिंपियाच्या स्टेजवर हा गट 2013 मध्ये पहिल्यांदा झाला आणि डॅना लिन बेली जिंकली. इथे पायात हिल्स नसतात, अनवाणी उभं राहायचं. डबल बायसेप्स पुढून आणि मागून, पण मुठी न वळता, हात उघडे ठेवून. साइड चेस्ट म्हणजे बाजूनं छाती, साइड ट्रायसेप्स म्हणजे बाजूनं दंडाची मागची बाजू, काही ठिकाणी पोट आणि मांडीची पोझ, आणि शेवटी संगीतावर स्वतःचं छोटं रूटीन. खांदा, पाठ, मांडी जे असेल ते उघडं पडतं, आणि शेजारणीच्या शेजारी उघडं पडतं. "पुरेसा स्नायू" कुठल्या फूटपट्टीवर मोजत नाहीत, तो शेजारणीवर ठरतो.

आता हिशोब करू. फळ्यावर लिहिते.

स्पर्धेच्या तयारीला लागले तेव्हा माझं वजन 60 किलो होतं, चरबी साधारण 28 टक्के. म्हणजे चरबी सोडून उरलेलं, हाडं, अवयव, पाणी आणि स्नायू मिळून, 43 किलो. स्टेजवर 12 टक्क्यांच्या आसपास चरबी धरू. या 43 मधला एक ग्रॅमही न गमावता उतरले असते, तरी स्टेजवरचं वजन 49 भरलं असतं. त्याच्या वर जाणं गणितातच बसत नाही. कितीही कडक डाएट करा, 49. आणि मी तर 11 किलो बारा आठवड्यांत उतरवायला निघाले होते, आठवड्याला जवळजवळ किलोभर. इतक्या घाईत शरीर चरबीबरोबर स्नायूही मोडून खातं. प्रत्यक्षात काटा 47 वर थांबला. म्हणजे असलेल्यातलंच मी घालवून आले.

आता दुसरी मुलगी घ्या, तिचीही सुरुवात माझ्यासारखीच. पण तिने आधी दोन-तीन वर्षं देऊन चरबीविरहित वजन 5 किलोनं वाढवलं. 43 चे 48 झाले. 12 टक्के चरबीला ती स्टेजवर 55 किलोची उभी राहील. पोट तितकंच कापलेलं, पण शेजारी 6 किलोचा फरक, आणि तो खांद्यांत, पाठीत, मांड्यांत. आपल्याकडे म्हणतात ना, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. आड म्हणजे आधी कमावलेला स्नायू. कटिंग, म्हणजे स्पर्धेआधी चरबी उतरवणं, हा पोहरा. आपण सगळ्याजणी पोहरा घासूनपुसून लख्ख करत बसतो.

म्हणून माझं सांगणं एवढंच: पहिल्या स्पर्धेची तयारी म्हणजे डाएट नव्हे. तयारी म्हणजे त्याआधीची पोट भरून खाल्लेली वर्षं. ती दिसत नाहीत, त्यांचे फोटो कुणी काढत नाही, आणि त्यातले पहिले सहा महिने जीन्स घट्ट होते म्हणून रडू येतं. माझ्याकडच्या निम्म्या मुली तिथेच गळतात. वजन उचलायला त्या घाबरत नाहीत, काट्यावरच्या आकड्याला घाबरतात.

"मॅडम, पण बायकांचे स्नायू वाढतात कुठे इतके?" हा प्रश्न मला दर आठवड्याला येतो, आणि त्याच्याच जोडीला उलटा प्रश्न, "पुरुषी तर नाही ना दिसणार?" दोन्ही भीत्या एकाच वेळी कशा खऱ्या असतील, मला कळत नाही. पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन आपल्यापेक्षा साधारण पंधरा पट असतं, हे खरं. पण आपापल्या सुरुवातीच्या तुलनेत टक्केवारीत पाहिलं, तर व्यायामानं बाईचा स्नायू जवळपास तितकाच वाढतो. आपली सुरुवात खालून होते, एवढंच. त्यातही कमरेवरचा भाग जास्त मागे असतो. सरासरी पाहिली तर बाईचा वरचा स्नायू पुरुषापेक्षा 40 टक्के कमी, खालचा 33 टक्के कमी. त्यामुळे बहुतेकींच्या मांड्या आणि नितंब लवकर भरतात, खांदे आणि पाठ रखडतात. आणि फिजिकच्या पंचांची नजर तर खांद्यावरून कमरेकडे उतरणाऱ्या त्या निमुळत्या रेषेवरच असते. जिममध्ये मुली आठवड्यातले तीन दिवस हिप थ्रस्ट, म्हणजे नितंबांचा व्यायाम, करतात आणि पाठीला उरलेला अर्धा तास देतात. उलटं करा. पाठीसाठी पुलअप, लॅट पुलडाउन, रो (वजन अंगाकडे ओढणं), खांद्यासाठी प्रेस आणि लॅटरल रेज (डंबेल बाजूनं वर उचलणं) ही कामं ताज्या अंगानं, आठवड्यातून दोनदा, आणि पाठीसाठी आठवड्याचे निदान दहा जड सेट.

जड सेट म्हणजे काय, यावर थोडं थांबते, कारण सगळी गफलत इथेच होते. एका दमात किती रेप्स, म्हणजे किती वेळा उचलायचं, यावर लोक भांडत बसतात. त्या एका दमाला सेट म्हणतात. सहा करा नाहीतर वीस करा, स्नायू दोन्हींनी वाढतो. अट एकच, सेट संपताना अजून एखाद-दुसराच रेप शिल्लक असावा. आता ते ओळखायचं कसं? जळजळ झाली की सेट संपला, असं बहुतेकींना वाटतं. जळजळ लवकर येते, स्नायू त्यानंतर बराच वेळ काम करतो. मी मुलींचा व्हिडिओ काढते. रोच्या आठव्या रेपला ती दांडा खाली ठेवते आणि म्हणते, "नाही होत." व्हिडिओत पहिला रेप आणि आठवा रेप एकाच वेगानं वर आलेला दिसतो. वेग मंदावला नाही म्हणजे शिल्लक आहे. मग तेच वजन पुन्हा देते, "थांबायचं मी सांगेन" म्हणते, आणि बाई तेरा करते. शेवटच्या दोन रेप्सना दांडा चिकटल्यासारखा वर येतो. जे रेप्स ती वर्षभर करतच नव्हती, ते हेच.

दुसरी अडचण पुस्तकं लिहिणाऱ्या पुरुषांना सहसा जाणवत नाही. वजन वाढवत जा, असं सगळे सांगतात. स्क्वॉटला 60 वरून 62.5 किलो केलं की वाढ झाली चार टक्के, ठीक आहे. पण लॅटरल रेजला 5 किलोचा डंबेल सोडून रॅकवरचा पुढचा उचलला, तर तो असतो 7.5 चा. ही वाढ पन्नास टक्के! खांदा कुठून उचलेल? मग मान आणि कंबर उचलते, आणि मुलगी वर्षानुवर्षं 5 वरच राहते. उपाय साधा आहे. 5 किलोवर बारा रेप्स होतात ना, मग पंधरा करा, अठरा करा, वीस करा. तीन सेट वीस-वीसचे झाले की मगच 7.5 ला हात लावा, आणि तो आठ-नऊच वेळा उचलला गेला तरी चालेल. बारीक प्लेट्स मिळाल्या तर उत्तम. आणि वही ठेवा. माझ्या वहीतलं एक पान वाचते: "लॅट पुलडाउन 35 किलो, 10, 9, 8. झोप कमी." पुढच्या आठवड्यात "10, 10, 8." दोन रेप्स म्हणाल तर काहीच नाही. पण आरशात बदल दिसायला महिने लागतात, आणि तोवर धीर धरायला ही वहीच असते.

खाण्याचं फार लांबवत नाही. प्रथिनं वजनाच्या दर किलोला 1.6 ग्रॅम, म्हणजे 60 किलोच्या बाईला दिवसाला 96, चार जेवणांत वाटून. खर्चापेक्षा दोनशे-तीनशे कॅलरी जास्त, पाचशे-हजार नव्हे, कारण जादा अन्नानं स्नायूचा वेग वाढत नाही, चरबीचा वाढतो. क्रिएटिन ही पूरक पावडर रोज 3 ते 5 ग्रॅम घेतलीत तर त्याला अभ्यासांचा आधार आहे. वजन किंचित चढेल, ते पाणी असतं. बाकीचे डबे दुकानातच ठेवा. आणि इंजेक्शनं किंवा "फक्त एक छोटी गोळी" कुणी पुढे केली, तर एवढं लक्षात असू द्या की अॅनाबॉलिक स्टेरॉइडनं बाईचा आवाज घोगरा झाला, तर गोळी बंद केल्यावर तो परत येईलच असं नाही. पी हळद आणि हो गोरी म्हणणाऱ्याच्या वाटेला जाऊ नका.

कटिंगही सावकाश करायचं. आठवड्याला वजनाच्या अर्धा ते एक टक्का. आपली ती 55 किलोची मुलगी 66 वरून उतरणार असेल, तर अर्ध्या किलोच्या हिशोबानं बावीस आठवडे झाले. बारा आठवड्यांचा प्लॅन तिला पुरणारच नाही. आणि या काळात पाळी थांबली, तर "आता बरोबर लाइनवर आलीस" असं म्हणणारा कोच बदला. दिवसभराच्या खाण्यातून व्यायामाचा खर्च वजा जाता चरबीविरहित वजनाच्या दर किलोला 30 कॅलरीही उरत नसतील, तर शरीर एकेक खातं बंद करायला लागतं. पाळी जाते, हाडं झिजतात, झोप उडते, आणि ज्यासाठी हे सगळं चाललंय तो स्नायूही जातो. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं 2014 मध्ये या अवस्थेला, खेळाडूच्या शरीराला ऊर्जा अपुरी पडण्याला, रेड-एस हे नाव दिलं. माझी पाळी सात महिने गेली होती आणि मी ते जिममध्ये अभिमानानं सांगत होते. डॉक्टरांकडे गेले ती स्पर्धा झाल्यावर.

पोझिंगबद्दल कुणीतरी चिठ्ठी पाठवली आहे: "कधी सुरू करायचं?" आजच. लॅट, म्हणजे पाठीचा काखेखालचा रुंद स्नायू, कितीही वाढला, तरी तो मुद्दाम फुलवता आला नाही तर मागून दिसत नाही. खांद्याची पाती बाहेर काढून, कंबर न वाकवता वीस सेकंद धरून बघा. घाम फुटेल.

काय म्हणालात? वय 41? हो, चालेल. 1990 साली नव्वदीच्या घरातल्या, वृद्धाश्रमात राहणाऱ्या माणसांकडून आठ आठवडे पायाचा जड व्यायाम करून घेतला होता. त्यांच्या मांडीचा स्नायूसुद्धा 9 टक्क्यांनी वाढला. तुम्ही तर निम्म्याही नाही. फक्त दोन जड दिवसांच्या मध्ये विश्रांती पुरेशी ठेवा.

आणि तुम्ही, "या वर्षीचा फॉर्म भरू का?" तुमची पाठ मी पाहिलेली नाही, त्यामुळे हो-नाही सांगत नाही. एक करा. डाएट न करता, पोटभर जेवून, घरातल्या साध्या उजेडात कुणाला तरी पाठीमागून फोटो काढायला सांगा. हात उघडे, डबल बायसेप्स. चरबी असताना, खास लाइट नसताना पाठीला आकार दिसत असेल, दंड आणि खांदा यांच्यामध्ये खाच पडत असेल, तर कापण्यासारखं काहीतरी तुमच्याकडे आहे. फॉर्म भरा, आणि तारखेपासून मागे किमान पाच महिने मोजा. नसेल दिसत, तर फॉर्मची घाई नको. फोटोमागे तारीख घाला आणि सहा महिन्यांनी त्याच भिंतीसमोर दुसरा काढा. पहिल्या वर्षी नीट करणाऱ्या मुलींचं चरबीविरहित वजन वाढतं महिन्याला पाव किलो, फार झालं तर अर्धा किलो, असं माझ्या वह्यांत दिसतं. दुसऱ्या वर्षी त्याच्या निम्मं. त्यावरून तुमचं तुम्हीच काढा, किती वर्षं.

तो फोटो मागच्या रांगेपर्यंत पोचला का? डावीकडून दुसरी. जाताना टेबलावर ठेवा, एकच प्रत आहे.