साडेचार ते साडेनऊ

निपाणी, कर्नाटकातल्या मराठी सीमाभागातलं. साडेचारच्या सुमाराला शाळा सुटते. आठवीच्या एकाच बाकावरून उठलेल्या दोन मुली. पहिली शिकवणीला जाते. वडील नोकरदार, घरी अडलं तर विचारायला माणूस आहे. तिच्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही.

दुसरी घरी येते, दप्तर खुंटीला अडकवते आणि आईच्या सुपाशेजारी बसते. आईची मजुरी हजार विड्यांवर ठरते. पानं भिजवायची, मापानं कातरायची, तंबाखू भरून वळायची, दोरा बांधायचा. हजार भरायला एकटीचा दिवस पुरत नाही. मग तोंडं दुमडायला पोरीची बारीक बोटं कामाला येतात. "एवढं गणित झालं की येतो," ती म्हणते. (इकडं मुलीही 'येतो'च म्हणतात.) हाक दुसऱ्यांदा येते, आणि गणित तसंच राहतं.

१९८६ च्या बालकामगार कायद्यानं विडीकामात मुलांना बंदी घातली, पण घरच्यांसोबत घरात चाललेल्या कामाला सूट ठेवली. आणि विडी तर बहुतेक घरातच वळली जाते! २०१६ साली धोक्याच्या कामांपुरती ती सूट निघाली. उंबऱ्याच्या आत बघायला कोण येणार, हा प्रश्न मात्र तिथंच आहे.

प्रगतिपुस्तकात शेरा पडतो, 'गृहपाठ अपूर्ण'. का अपूर्ण, हे लिहायला रकाना नसतो.

सीमाभागात यात आणखी एक गाठ आहे. शाळा मराठी माध्यमाची असली तरी कन्नड शिकावंच लागतं. पुढं एसएसएलसीला, म्हणजे तिथल्या दहावीला, ६२५ गुणांच्या परीक्षेत, कन्नडचा पेपर गणिताइतकाच, १०० गुणांचा. पहिल्या मुलीला कन्नडचीही शिकवणी आहे. दुसरीच्या घरात कन्नड वाचणारं कुणी नाही. रेशनचा कागद आला तरी शेजारी न्यावा लागतो. आईला बोलता तेवढं येतं, तेही बाजारात आणि कारखान्यात विड्या मोजून देताना ऐकून ऐकून शिकलेलं.

रात्रीचे साडेनऊ. जेवणं उरकलीत, सूप पुन्हा मांडीवर आलंय. मुलगी कन्नडच्या पुस्तकातली एकेक ओळ बोट ठेवून वाचतेय. एका शब्दाशी थांबते.

"आई, 'बड्डी' म्हणजे काय गं?"

आई मान वर करत नाही. दोऱ्याची गाठ मारते.

"व्याज."