चिवड्याच्या बरणीतला समुद्र

(बडोद्यातल्या मराठी मंडळींसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, आधी ही बरणी बघून घ्या. घरचीच आहे, चिवड्याची. प्लास्टिकची, रुंद तोंडाची. चिवडा काढून ठेवलाय, घाबरू नका, नंतर मिळेल. बरणीत काठोकाठ पाणी भरलंय, आत हे मनगटावर बांधायचं यंत्र सोडलंय आणि झाकण घट्ट लावलंय. आता मी दोन्ही हातांनी बरणी दाबते. पुढच्या रांगेतल्या काकांनी आकडा वाचावा. मोठ्यानं. एक पॉइंट सहा! म्हणजे या यंत्राच्या मते ते आत्ता १.६ मीटर खोल पाण्यात उतरलंय. प्रत्यक्षात ते आहे दांडिया बाजारात, दुसऱ्या मजल्यावर.

थोडक्यात काय, डायव्ह कॉम्प्युटरला, म्हणजे डायव्हरला पाण्याखाली अजून किती मिनिटं राहता येईल हे सांगणाऱ्या या यंत्राला, समुद्र कळत नाही, मासे कळत नाहीत आणि तुम्ही तर मुळीच कळत नाही. त्याला दोनच गोष्टी कळतात, दाब आणि वेळ. बाकी सगळं गणित. माझी सगळी नोकरी नंदेसरीच्या कारखान्यांत प्रेशर ट्रान्समीटर (दाब मोजून आकडा पाठवणारी उपकरणं) बसवण्यात आणि ते खोटं तर बोलत नाहीत ना, हे तपासण्यात गेली. त्यामुळे पडद्यावरच्या आकड्यावर माझा पटकन विश्वास बसत नाही. आज त्याच चष्म्यातून बोलणार आहे.

विषय निघाला तो आपल्यातले १४ जण फेब्रुवारीत अंदमानला स्कूबा डायव्हिंगला चाललेत म्हणून. महिनाभर ग्रुपवर 'कुठला कॉम्प्युटर घेऊ' यावर जी रणधुमाळी चालली आहे, ती वाचून माझ्या डोक्याचा भुगा झाला. तर पहिलं सांगते, चौदाच्या चौदा जणांनी घ्यायची गरज नाही. तुमच्यातले पाच-सहा जण नुसतं 'एकदा बघूया' म्हणून उतरणार आहेत. मालवणला करतात तसंच. इन्स्ट्रक्टर तुमचा टँक धरून असतो, १२ मीटरच्या खाली नेत नाही, पाऊण तासात वर. त्यांनी त्या पैशांत घरच्यांना घेऊन यावं. ज्यांनी ओपन वॉटरचा, म्हणजे डायव्हिंगचा पहिला कोर्स केलाय आणि दरवर्षी कुठं ना कुठं उतरणार आहेत, कर्नाटकातलं नेत्राणी बेट म्हणा, अंदमान म्हणा, त्यांच्यासाठी पुढचं बोलणं.

हा डबा मोजतो तरी काय? समुद्रात दर १० मीटरला एका वातावरणाचा दाब वाढतो. ३० मीटरवर चारपट. आपण त्याच दाबाची हवा ओढतो, आणि त्या हवेतला ७९ टक्के नायट्रोजन अंगात मुरायला लागतो. मुरतो म्हणजे कसा? दोरीवरचे कपडे डोळ्यांसमोर आणा. पावसाची सर आली. हातरुमाल दोन मिनिटांत चिंब. गोधडी मात्र आत भिजायला वेळ घेते. आता ऊन पडलं. रुमाल लगेच वाळला, गोधडी संध्याकाळपर्यंत ओलीच. शरीरात रक्त म्हणजे रुमाल, आणि ज्या भागांत रक्त कमी फिरतं ते म्हणजे गोधडी. सगळे भाग बऱ्यापैकी वाळण्याआधी तुम्ही झटकन वर आलात, दाब एकदम उतरला, की आतला नायट्रोजन बुडबुडे होऊन बाहेर पडतो. सांधे धरतात, क्वचित पाठीच्या कण्यापर्यंत प्रकरण जातं.

जॉन स्कॉट हाल्डेन यांनी १९०८ साली इंग्लंडच्या नौदलासाठी बकऱ्यांवर प्रयोग करून याचं पहिलं गणित मांडलं. त्यांच्या दोरीवर पाच कपडे होते. ५ मिनिटांत निम्मा भिजणारा पहिला, ७५ मिनिटांत निम्मा भिजणारा शेवटचा. पुढे झुरिकच्या आल्बर्ट ब्यूलमन यांनी कपडे सोळा केले आणि शेवटची गोधडी १० तासांच्याही पुढे नेली. आज बाजारातल्या कितीतरी यंत्रांत ब्यूलमन यांचंच गणित आहे. काहींत बुडबुड्यांचा वेगळा हिशोब धरणारी दुसरी पद्धत आहे. कोणती भारी यावर लोक तावातावानं भांडतात. १८ मीटरवर शांतपणे पोहणाऱ्या बडोदेकरानं त्या भांडणात पडू नये.

मग हा हिशोब छापील टेबलावर का नाही करायचा? करता येतो. मी शिकले तेव्हा टेबलावरच शिकले. पाडी या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेच्या टेबलात १८ मीटरला राहायला ५६ मिनिटं मिळतात, ३० मीटरला जेमतेम २०. पण टेबल म्हणजे ठरवून केलेली रिक्षा. स्टेशन ते सयाजीबाग इतके म्हणजे इतके, मध्ये उतरलात तरी तेवढेच. तुम्ही १० मिनिटं १८ मीटरवर होतात आणि उरलेला वेळ १० मीटरवर प्रवाळ बघत होतात, तरी टेबल सगळा वेळ १८ चाच धरतं. कॉम्प्युटर म्हणजे मीटरची रिक्षा. जितकं खोल, जितका वेळ, तितकंच भाडं. १९८३ मध्ये ऑर्का एज नावाचा विटेएवढा डबा आला तेव्हापासून ही मीटरची सोय आहे.

आता माझी गोष्ट. आठ वर्षांपूर्वी, हॅवलॉक, तेव्हा अजून स्वराज द्वीप नाव पडायचं होतं. माझं यंत्र घरी राहिलं, म्हणून तिथल्याच एका ठिकाणाहून भाड्यानं घेतलं. ठिकाणाचं नाव विचारू नका. दुसऱ्या दिवसाची दुसरी डायव्ह, १८ मीटरवर आम्ही दोघं. नवऱ्याच्या मनगटावर उरलेली मिनिटं ११. माझ्या मनगटावर ४०. दोघंही हवाच ओढतोय, एकाच खोलीवर, सकाळची डायव्हसुद्धा बरोबरच केलेली. मंडळी, कारखान्यात दोन मीटर इतके वेगळे बोलले तर आम्ही काय करतो? प्लान्ट थांबवतो. मी त्याला अंगठा वर करून दाखवला. (पाण्याखाली अंगठा म्हणजे 'छान' नव्हे, 'वर चल'. हे नवीन लोकांना आधीच सांगून ठेवते.) सावकाश वर आलो, नायट्रोजन निघून जावा म्हणून ५ मीटरवर नेहमीच्या तीनऐवजी सहा मिनिटं थांबलो. बोटीवर बसून यंत्राचा मेन्यू उघडला तर ऑक्सिजन ३२ टक्के! आधीचा गिऱ्हाईक नायट्रॉक्सवाला (जास्त ऑक्सिजनचं मिश्रण वापरणारा) होता, त्यानं ठेवलेलं सेटिंग तसंच राहिलेलं. नायट्रॉक्समध्ये नायट्रोजन कमी, म्हणून १८ मीटरला ५६ च्या जागी नव्वदीच्या पुढे मिनिटं मिळतात. यंत्र बिचारं मला ती मिनिटं वाटत होतं, आणि माझ्या टँकमध्ये साधी हवा.

चूक त्यांची होती का? होती. पण सेटिंग न बघता पाण्यात उतरले ती मी. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे अनोळखी यंत्राचा मेन्यू कुठं दडलाय हेच मला ठाऊक नव्हतं. भाड्याच्या यंत्राची खरी अडचण ही. शिवाय त्याच्या दोरीवर कोणाच्या गोधड्या वाळताहेत देव जाणे. काल ते दुसऱ्याच्या हातावर होतं, तर ते त्याचा नायट्रोजन मोजत बसलेलं असणार. म्हणून माझं म्हणणं एकच. साधं घ्या, पण स्वतःचं घ्या, आणि उतरण्याआधी महिनाभर घरात त्याच्याशी खेळा. नवरा-बायकोत एक यंत्र चालणार नाही. तो २ मीटर वर पोहत असतो आणि ती खाली खेकडे बघत असते. दोघांचा हिशोब वेगळा.

घेताना काय बघायचं? गणित नाही, पडदा बघा. आपण बरेचसे पंचेचाळिशीच्या पुढचे. पाण्यात मास्कच्या काचेमुळे वस्तू पाव हिस्सा जवळ आणि सुमारे एक तृतीयांश मोठी दिसते, म्हणून काहींना वाटतं चष्म्याचं काम झालं. होत नाही. खाली उजेड कमी, हात हलतोय, मास्कवर थोडी वाफ, आणि छोट्या घड्याळावर सहा आकडे दाटीवाटीनं. तुम्हाला एका नजरेत तीनच आकडे हवेत. किती खोल, किती वेळ झाला, किती मिनिटं उरली. हे तीन ज्या पडद्यावर लांबून, चष्म्याविना दिसतील तो पडदा तुमचा. काळ्या-पांढऱ्या मोठ्या आकड्यांचं साधं यंत्र, क्रेसी, मारेस, सुंटो यांच्या पहिल्या पायरीवरचं कुठलंही, साधारण २० ते २५ हजारांच्या घरात येतं आणि उजेडात झकास दिसतं. रंगीत पडद्याची, शिअरवॉटरसारखी, त्याच्या दुप्पट आणि पुढे. अंधारातसुद्धा ठसठशीत दिसतात. डोळे अधू असतील तर तिथं पैसे घाला. चकचकीत धातूच्या पट्ट्यावर घालू नका.

दुसरं, बटणं. हातमोजे घालून दाबून बघा. एकाच बटणाचं यंत्र शिकायला सोपं, पण सेटिंग बदलताना एक पायरी चुकली की सगळी प्रदक्षिणा पुन्हा. माझ्या भाचीला आवडतं, मला चीड येते.

तिसरं, सेल. साधा बटणासारखा सेल असेल आणि झाकण आपल्याला उघडता येत असेल, तर राव्‌पुऱ्यातल्या घड्याळवाल्याकडून चार सेल घेऊन ठेवा. मात्र आतलं रबरी कडं नीट बसलंय, त्यावर केस किंवा वाळूचा कण नाही, हे भिंगाखाली बघा. एक केस पुरतो. नंतर माझ्यासारखी बरणीत घालून परीक्षा घ्या. चार्जिंगवालं घेणार असाल तर चार्जर बॅगेत कुठं ठेवलाय ते घरातल्या दोघांना माहीत असू द्या.

टँकमधल्या हवेचा दाब मनगटावर दाखवणारा ट्रान्समीटर? छान आहे, मला आवडतो, पण पहिल्या यंत्रात नको. टँकचा काटा डोळ्यांनी बघायची सवय आधी लागू दे.

मागून कोणीतरी ॲपलच्या घड्याळाचं विचारलं होतं. त्यांचं अल्ट्रा २०२२ मध्ये आलं, ४० मीटरपर्यंत खोली दाखवतं. पण त्यातलं 'डेप्थ' हे ॲप खोली, वेळ नि पाण्याचं तापमान दाखवतं, उरलेली मिनिटं नाही. त्यासाठी 'ओशनिक प्लस' हे वेगळं ॲप लागतं. ते खराखुरा डायव्ह कॉम्प्युटर बनवतं. ज्याच्याकडे घड्याळ आधीच आहे त्यानं जरूर वापरावं. मात्र साध्या मनगटी घड्याळावर '१०० मीटर वॉटर रेझिस्टंट' लिहिलंय म्हणून ते घेऊन उतरायचं, असं कोणी करू नका. ते पाणी आत येऊ देणार नाही एवढंच सांगतं. तुमच्या नायट्रोजनशी त्याला देणंघेणं नाही.

यंत्र घेतल्यावर एक सेटिंग नक्की शोधा, कमी-जास्त सावधपणाचं. वय, वजन, रात्रीची झोप, बोट लागल्याने न पिलेलं पाणी, यातलं काहीच यंत्राला कळत नाही, ते तुम्हाला कळतं. मी एक पायरी सावध ठेवते. मिनिटं थोडी कमी मिळतात, चालतात. आणि ते ओरडलं की ऐका. वर येण्याचा वेग मिनिटाला ९ मीटरच्या आत. पूर्वी १८ चालायचा, आता नाही. आपणच सोडलेल्या श्वासाच्या बुडबुड्यांच्या पुढे जायचं नाही. तुमच्या आणि बडीच्या, म्हणजे पाण्यातल्या जोडीदाराच्या, यंत्रात फरक पडला तर जो कमी मिनिटं देतो तो खरा. काही यंत्रं मर्यादा मोडून वर आलात तर एक-दोन दिवस रुसून कुलूपबंद होतात. तेव्हा दुसऱ्याचं यंत्र मागून पुन्हा उतरणारे महाभाग मी पाहिलेत.

परतीचं तिकीट. विमानात वर गेल्यावर केबिनमधला दाब उतरतो, म्हणजे पुन्हा तोच, कपडे वाळण्याआधी घाईनं वर येण्याचा प्रकार. एकच डायव्ह असेल तर १२ तास, रोज रोज केल्या असतील तर किमान १८ तास थांबायचं, अशी शिफारस आहे. मी २४ धरते. स्वराज द्वीपाहून बोटीनं पोर्ट ब्लेअरला (आता श्री विजयपुरम) येण्यात जाणारा वेळ यात धरला तर हरकत नाही, ती बोट समुद्रसपाटीवरच चालते. म्हणून शेवटचा दिवस पाण्याबाहेरचा ठेवा, सेल्युलर जेल बघा.

सराव कुठं करायचा, असं विचारताय? तरणतलावात. आजव्याच्या तलावात नाही, आणि विश्वामित्री नदीत तर मुळीच नाही, तिथं बडी म्हणून मगर मिळेल.

आता उठा. टेबलावर चार वेगवेगळी यंत्रं मांडली आहेत, तीन मित्रमंडळींची उसनी, एक माझं. रांगेत या, हात लांब करून तीन आकडे वाचून बघा. चष्मे काढून. आणि तेवढ्यात कोणीतरी मागचे दिवे घालवा.